संग्रहालयातली जुनी बासरी: पाहावी कशी, मोजावी कशी, नोंदवावी कशी

विद्यापीठाच्या वाद्यसंग्रहात ठेवलेली अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातली आडवी बासरी समोर आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वाजते का?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या उत्तरातून फार थोडे हाती लागते. कारागिराने विकल्या दिवसापासून ती बासरी बदलत आलेली असते. लाकूड आकसते. एखादा वादक फुंकण्याचे छिद्र मोठे करून घेतो, दुसरा नवी चावी (छिद्राची उघडझाप करणारी धातूची पट्टी) बसवून घेतो, तिसरा तडा मेणाने बुजवतो. हे सारे तिच्या अंगावर उमटलेले असते आणि नीट पाहिले तर वाचता येते. म्हणून "हिच्यावर आजवर काय काय झाले?" हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. पुढची सगळी पद्धत त्याच प्रश्नाभोवती आहे. वादक, वाद्य घडवणारे आणि संगीताचे विद्यार्थी या तिघांनाही ती वापरता येईल.

संग्रह आणि बासरी निवडा

विद्यापीठांचे वाद्यसंग्रह मुळात शिकवण्यासाठी उभे राहिले, ही गोष्ट अभ्यासकाच्या सोयीची आहे. एडिनबरा विद्यापीठात प्राध्यापक जॉन डोनाल्डसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच वाद्ये जमवायला सुरुवात केली. आज तिथला संग्रह १७६३ मध्ये बांधलेल्या सेंट सेसिलियाज हॉलमध्ये पाहायला मिळतो. ऑक्सफर्डला फिलिप बेट यांनी १९६८ मध्ये आपली वाद्ये दिली, तेव्हा त्यांची अट होती की ती शिकवण्यासाठी वापरली जावीत आणि त्यांच्यासाठी जाणकार क्युरेटर (संग्रहाची देखरेख करणारा) नेमला जावा. लाइपझिग विद्यापीठाने १९२६ मध्ये हायर यांचा मोठा संग्रह घेतला. त्यातली बरीच वाद्ये दुसऱ्या महायुद्धात गेली, तरी उरलेला संग्रह युरोपातल्या महत्त्वाच्या संग्रहांत गणला जातो. अमेरिकेत येल, मिशिगन (तिथला स्टर्न्स संग्रह) आणि साउथ डकोटातले व्हर्मिलियन ही ठिकाणे आहेत.

फक्त बासऱ्यांचा विचार केला तर सर्वांत मोठे नाव विद्यापीठाबाहेरचे आहे. डेटन मिलर हे क्लीव्हलँडमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी जमवलेल्या सुमारे १,७०० बासऱ्या १९४१ मध्ये त्यांच्या निधनानंतर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेल्या. त्या संग्रहाची ऑनलाइन सूची इतकी सविस्तर आहे की कोणत्याही अभ्यासाची सुरुवात तिथून करावी.

शोध घरी बसून सुरू करा. 'मिमो' या सामाईक सूचीत अनेक संग्रहालयांची वाद्ये एकत्र सापडतात. शोधताना कारागिराचे नाव घाला, साल घाला, आणि शिवाय वर्गीकरणाचा क्रमांकही वापरून पाहा. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बोटांची छिद्रे असलेल्या उघड्या आडव्या बासरीचा क्रमांक ४२१.१२१.१२ आहे. सूचीची भाषा जर्मन असो की फ्रेंच, हा क्रमांक बदलत नाही.

सूची चाळताना मोह आवरणे अवघड जाते. तरीही एका भेटीसाठी दोन किंवा तीनच बासऱ्या निवडा आणि त्यांना जोडणारा एकच प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, एकाच कारागिराच्या दोन बासऱ्यांमध्ये फुंकण्याचे छिद्र सारखे आहे का? एवढा नेमका प्रश्न असला की काय मोजायचे आणि काय सोडायचे हे आपोआप ठरते.

पत्र लिहा

क्युरेटरला पाठवायचे पत्र लहान पण नेमके असावे. प्रत्येक बासरीचा नोंदणी क्रमांक, अभ्यासाचा हेतू, कोणती मोजमापे हवीत, कोणती साधने आणणार आणि तारखेबाबत किती मोकळीक आहे, एवढे पुरेसे आहे. त्यात एक विनंती जरूर घाला: त्या बासरीची जुनी रेखाटने, क्ष-किरण चित्रे, सीटी स्कॅन किंवा दुरुस्तीच्या नोंदी असतील तर त्या आधी पाहायला मिळाव्यात. पुष्कळ संग्रहांत मोजमापांची तयार रेखाटने असतात. आतल्या पोकळीचे विश्वासार्ह माप आधीच घेतलेले असेल तर ते पुन्हा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोकळीत उपकरण घातले की ते कुठे ना कुठे घासतेच, आणि ती झीज भरून निघत नाही.

जाण्याआधी घडणीचा इतिहास पक्का करा

या तयारीवर वेळ खर्च करा. समोरची बासरी कोणत्या काळातली आणि तिच्यात मूळचे काय, हे ठरवायला हाच आधार लागतो.

सोळाव्या शतकातली युरोपीय आडवी बासरी साधी होती: जवळपास सरळ पोकळी, सहा छिद्रे, चावी नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये तिचे रूप पालटले. बासरी तीन तुकड्यांत होऊ लागली, पायाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, तुकड्यावर डी-शार्प या पाश्चात्त्य स्वरासाठी एक चावी आली आणि पोकळी खालच्या बाजूला निमुळती होत गेली. तोंडाच्या तुकड्यात साधारण १९ मि.मी. असलेला व्यास खाली १३-१४ मि.मी.पर्यंत उतरतो. १७०७ मध्ये फ्रेंच बासरीवादक झाक ओतेतेर यांनी या बासरीवर पहिला महत्त्वाचा ग्रंथ छापला तो याच घडणीसाठी. १७२० च्या सुमारास मधला तुकडा दोन भागांत विभागला गेला. त्याचा वरचा भाग वेगवेगळ्या लांबीचा करून देता येऊ लागला आणि बासरी चार तुकड्यांची झाली.

जर्मन बासरीवादक क्वांट्झ यांनी १७२६ मध्ये दुसरी चावी जोडली, कारण त्यांच्या मते डी-शार्प आणि ई-फ्लॅट हे दोन वेगळे स्वर होते आणि ई-फ्लॅट किंचित चढा. अशी दोन चाव्यांची बासरी दिसली तर ती त्यांच्या परंपरेतली असण्याची शक्यता मोठी. त्यांनी प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्यासाठी केलेली एक बासरी मिलर संग्रहात आहे.

एक चावीच्या बासरीवर एफ, जी-शार्प, बी-फ्लॅट हे स्वर आडबोटांनी, म्हणजे मधले छिद्र उघडे ठेवून खालची झाकून काढावे लागत. हे स्वर दबके येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या कारागिरांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र छिद्रे आणि चाव्या दिल्या. १७८५ मध्ये रिचर्ड पॉटर यांनी पेटंट घेतले. त्यात सूर जुळवण्यासाठी सरकणारी धातूची नळी आणि छिद्र बंद करणाऱ्या चाव्यांना प्यूटर धातूची बुचे होती. पुढे चाव्या सहा झाल्या, आठ झाल्या. लंडनचे चार्ल्स निकल्सन मोठ्या छिद्रांच्या बासरीवर दणदणीत आवाज काढत. म्युनिकच्या थिओबाल्ड बोम यांनी १८३१ मध्ये त्यांना ऐकले आणि १८३२ मध्ये स्वतःची नवी चावीरचना आणली. १८४७ मध्ये तर त्यांनी पोकळीच उलटी केली. शरीर १९ मि.मी. व्यासाचे सरळ नळकांडे झाले आणि निमुळता झाला तोंडाचा तुकडा, जो वरचे टोक बंद करणाऱ्या बुचापाशी १७ मि.मी.पर्यंत उतरतो. आजची फ्लूट त्याच घडणीची आहे.

मात्र हा क्रम कालगणनेसाठी आंधळेपणाने वापरू नका. एक चावीच्या बासऱ्या एकोणिसाव्या शतकातही स्वस्त, शिकाऊ वाद्य म्हणून मोठ्या संख्येने बनत होत्या. "एक चावी म्हणजे अठरावे शतक" हा तर्क म्हणूनच टिकत नाही. चाव्या फक्त एक गोष्ट खात्रीने सांगतात: ती विशिष्ट चावी प्रचारात येण्याआधीची ही बासरी, निदान आजच्या रूपात, असू शकत नाही.

टेबलावर: हात लावण्याआधी

अंगठ्या, घड्याळ, लोंबती साखळी काढून ठेवा. संग्रहालय देईल ते हातमोजे घाला. बहुतेक ठिकाणी नायट्राइलचे मिळतात, कारण सुती मोज्यांत गुळगुळीत लाकूड निसटते. मोज्यांचे आणखी एक कारण आहे. पूर्वी काही संग्रहालयांत वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये वापरली जात. टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल. बासरी फोमच्या आधारावर ठेवलेली असेल, ती तिथेच राहू द्या. तुकडे वेगळे करायचे असतील तर ते काम कर्मचाऱ्यांवर सोडा. सांध्यावरचा दोरा सुकून आवळलेला असतो आणि जोर लावला की खोबणीची भिंत फाटते.

वाचा, मग मोजा

पहिल्या अर्ध्या तासात मोजपट्टी उचलू नका. फक्त पाहा आणि लिहा.

सुरुवात शिक्क्यांपासून. कारागीर सहसा प्रत्येक तुकड्यावर आपले नाव ठसवत असे, म्हणून चारही तुकड्यांवरचे शिक्के भिंगाखाली ताडून पाहा. एका तुकड्यावरचा ठसा वेगळा असेल, अक्षराची झीज वेगळी असेल किंवा लाकडाचा रंग आणि रेषा जुळत नसतील, तर तो तुकडा दुसऱ्या बासरीचा असू शकतो. नावावर भाळू नका, कारण कहुसॅक किंवा पॉटर यांच्यासारख्या घराण्यांत एकच आडनाव पिढ्यान् पिढ्या चालले. पत्ता असेल तर तो नावापेक्षा जास्त उपयोगी. लंडनच्या रुडॉल आणि रोझ यांची भागीदारी १८२१ ची. त्यांचे दुकान काही काळ कॉव्हेंट गार्डनच्या पियाझात आणि काही काळ टॅव्हिस्टॉक स्ट्रीटवर होते, आणि ते शिक्क्यात दिसते. पॅरिसच्या लुई लो यांनी १८५५ पासून बासऱ्यांवर अनुक्रमांक घातले. त्यांच्या दुकानाची वही टिकली आहे, त्यामुळे एका आकड्यावरून साल निघते. चांदीच्या चाव्यांवर किंवा कड्यांवर इंग्लिश हॉलमार्क असेल तर त्यातले वर्षाक्षर बघा. मात्र चावी नंतर बसवलेली असली तर ते साल चावीचे असते.

मग द्रव्य. पिवळसर, घट्ट, बारीक रेषांचे बॉक्सवूड अठराव्या शतकात सर्वाधिक वापरले गेले. त्याच्या जोडीला एबनी आणि हस्तिदंत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कोकसवूड आले, पुढे आफ्रिकन ब्लॅकवूड. बॉक्सवूड वाकते, आणि वाकलेली बासरी म्हणजे वाईट घडणीची बासरी असा अर्थ होत नाही. नजर टेबलाच्या पृष्ठभागाशी समांतर धरून बाक कोणत्या दिशेला आहे ते नोंदवा.

लंडनच्या सरकत्या नळीच्या बासऱ्यांमध्ये तोंडाच्या तुकड्याला आतून धातूचे अस्तर असते. अशा तुकड्यांवर लांबच लांब उभा तडा वारंवार दिसतो. कारण सरळ आहे: सुकताना लाकूड आकसते, आतला धातू आकसत नाही, आणि ताण सहन न होऊन लाकूड फाटते. असा तडा बासरी पडल्याची खूण समजू नका.

चाव्या पाहताना त्या कशावर टेकल्या आहेत ते आधी पाहा. जुन्या पद्धतीत तुकडा कातताना चावीसाठी लाकडाचे फुगीर कडे राखून ठेवत आणि त्यात खाच पाडून चावी बसवत. ते कडे मूळचेच असते, मागाहून लावता येत नाही. म्हणून कड्यातली चावी बहुधा मूळची. उलट, गुळगुळीत अंगावर स्क्रूने लावलेल्या धातूच्या खोगिरात किंवा खांबांत बसलेली चावी नंतरची असू शकते, विशेषतः बाकीच्या चाव्या लाकडी कड्यांत असतील तर. रिकामे कडे किंवा बुजवलेले छिद्र दिसले की थांबा. तिथे आधी काहीतरी होते.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग फुंकण्याचे छिद्र. अठराव्या शतकात ते लहान आणि जवळपास गोल असे, साधारण ८ ते ९ मि.मी. पुढे मोठ्या आवाजाची मागणी वाढली तसे वादकांनी जुन्या बासऱ्यांची छिद्रे लंबगोल करून घेतली. जुन्या शिक्क्याच्या बासरीवर मोठे लंबगोल छिद्र दिसले तर कडा तिरक्या उजेडात तपासा. कानशीच्या खुणा, एका बाजूला जास्त तिरपी उतरलेली भिंत, कडेपाशी तुटलेली पॉलिश या बदलाच्या खुणा आहेत. छिद्राच्या कडेच्या आतल्या बाजूला किती खरवडले आहे यावरही स्वर आणि आवाज अवलंबून असतो, आणि ते वरून दिसत नाही. छोटा आरसा किंवा संग्रहालयाचा एंडोस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) मागा. बोटांच्या छिद्रांभोवतीची झीजही सोडू नका. अंगठा आणि करंगळी कुठे टेकत होती ते कळते आणि बासरी उजवीकडे धरली जात होती की डावीकडे हेही.

मोजमाप

प्लॅस्टिकचे कॅलिपर वापरा, धातूचे टाळा. सर्व अंतरे फुंकण्याच्या छिद्राच्या मध्यापासून घ्या: प्रत्येक बोटाच्या छिद्राच्या मध्यापर्यंत आणि शेवटी पायाच्या टोकापर्यंत. हे शेवटचे अंतर म्हणजे वाजणारी लांबी. तोंडाच्या तुकड्यातल्या बुचाचे स्थानही नोंदवा, पण बूच हलवू नका.

पोकळीचे माप हाच अवघड भाग. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, म्हणून लांबीची मापे आजही विश्वासार्ह असतात. आडव्या छेदात मात्र ते वलयांच्या दिशेने जास्त आकसते, केंद्राकडून बाहेरच्या दिशेने कमी, ढोबळमानाने निम्मे. परिणामी मूळची गोल पोकळी लंबगोल होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन व्यास घ्या, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, आणि दोन्ही लिहा. सरासरी काढून एकच आकडा लिहिला तर माहिती हरवते. मोठा व्यास मूळ मापाच्या जास्त जवळ असतो. सांध्यांपाशी पोकळी अचानक अरुंद दिसली तर दोष कारागिराचा नसतो. तिथे घट्ट गुंडाळलेला दोरा वर्षानुवर्षे लाकूड आवळत आलेला असतो.

सीटी स्कॅनची सोय असेल तर तिला पसंती द्या, आत काहीच घालावे लागत नाही. चाव्या आणि धातूचे अस्तर यांच्याभोवती चित्रात रेघा उमटतात, तेवढ्या भागाचे माप हाताने पडताळावे लागते.

सूर किती होता?

अठराव्या शतकात सर्वत्र एकच स्वरपातळी नव्हती. आज जुन्या संगीतासाठी ए = ४१५ हर्ट्झ (म्हणजे ए या स्वराची सेकंदाला ४१५ कंपने) आणि फ्रेंच परंपरेसाठी ए = ३९२ धरतात, पण या सोयीच्या खुणा आहेत. वेगवेगळ्या लांबीचे मधले तुकडे याच कारणाने दिले जात, तीनपासून सातपर्यंत, आणि त्यांवर आकडे ठसवलेले असत. तुकडा आखूड, तर सूर चढा. संग्रहात एकच तुकडा उरला असेल तर त्यावरचा आकडा पाहा. '४' असेल तर आधीचे तीन तुकडे हरवले आहेत. सगळे तुकडे असतील तर कोणता सर्वाधिक झिजला आहे ते पाहा. त्या वादकाच्या गावची स्वरपातळी त्यातून कळू शकते.

लांबीवरून अंदाज बांधता येतो. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे लांबीत सुमारे ६ टक्के. पण बासरीवादक ओठाने छिद्र कमीजास्त झाकून सूर बराच खालीवर करू शकतो. त्यामुळे नोंदीत एक आकडा देऊ नका, पट्टा द्या. फुंकण्याचे छिद्र नंतर मोठे केले असेल तर सूरही चढलेला असणार, हेही गृहीत धरा.

वाजवावी की नाही?

विनंती करण्याआधी कारण समजून घ्या. कित्येक दशके न वाजवलेले लाकूड खोलीतल्या हवेशी जुळवून बसलेले असते. श्वासातला ओलावा आतल्या थराला फुगवतो, बाहेरचा थर कोरडाच राहतो, आणि काही मिनिटांत तडा जाऊ शकतो. वाद्यसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय समिती सिम्सिम १९६० मध्ये स्थापन झाली. तिने १९८५ मध्ये वाद्ये हाताळण्यास देण्याबाबत शिफारशी केल्या, त्यांतही हीच सावधगिरी आहे.

२०२२ मध्ये गायिका लिझो यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली, कारागीर क्लोद लोरां यांनी घडवलेली १८१३ ची काचेची बासरी वाजवली. ती अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना भेट आलेली. काच लाकडासारखी फुगत नाही, हे खरे. तरी ओलाव्याचा प्रश्न काचेलाही चुकत नाही. मिलर संग्रहातल्या लोरां यांच्या बहुतेक बासऱ्या पोटॅशच्या काचेच्या असल्याचे तपासणीत दिसले, आणि अशी काच ओलाव्याने हळूहळू खराब होते. म्हणून निर्णय बासरीगणिक घ्यावा लागतो आणि तो संवर्धन करणाऱ्यांचाच असतो.

ध्वनी हवा असेल तर मार्ग प्रतिकृतीचा. घडवणाऱ्याशी बोलताना एक गोष्ट आधी ठरवा: आजची आकसलेली बासरी घडवायची की मूळची? दोन्ही योग्य आहेत, पण दोन वेगळ्या बासऱ्या आहेत. मूळची हवी असेल तर मोठा व्यास आधाराला घेऊन, सांध्यांजवळची आवळण काढून टाकून आणि नंतर मोठे केलेले छिद्र पूर्वीच्या मापाला नेऊन पोकळीचा आलेख नव्याने आखावा लागतो. हस्तिदंती कड्यांच्या जागी पर्यायी द्रव्य वापरा. हस्तिदंत घेऊन देशाची सीमा ओलांडायला 'साइट्स' या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात.

नोंद लिहा आणि सोपवा

त्याच दिवशी संध्याकाळी स्वच्छ नोंद करा. पाहिलेले एका स्तंभात, त्यावरून काढलेला तर्क दुसऱ्या स्तंभात. "छिद्र १०.५ × ९.४ मि.मी., पुढच्या कडेला कानशीच्या रेघा" हे पाहिलेले, "छिद्र नंतर मोठे केले असावे" हा तर्क. मोजण्याचे साधन, त्याची अचूकता, खोलीचे तापमान आणि आर्द्रता हेही लिहा, कारण ओल्या ऋतूत तेच लाकूड वेगळे माप देते. फोटोंमध्ये मोजपट्टी आणि रंगपट्टी असू द्या, आणि एक फोटो तिरक्या उजेडात काढा.

या नोंदीची पूर्ण प्रत, नोंदणी क्रमांक घालून, संग्रहाच्या फाइलीसाठी क्युरेटरकडे पाठवा. पोकळीची मापे कच्च्या आकड्यांसह द्या, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्याच बासरीत पुन्हा उपकरण घालावे लागणार नाही.